आर्मासचे पाय

साइमा कोर्पेला गावातल्या पुरुषांना पायांवरून ओळखायची. तोंडं झाकून नुसते पाय ओळीने बाकावर मांडले असते, तरी हा कुऱ्हाडवाला, हा करवतवाला, हा नुसताच मुकादमाच्या मागे हिंडणारा, असं तिने घडाघड सांगितलं असतं. तिचं कामच तसं होतं. शनिवारी तिच्या भावाच्या, ताउनोच्या सौनेत, म्हणजे वाफेने न्हाण्याच्या लाकडी खोलीत, पुरुषांची वाफ घेऊन झाली, की कंबर धरलेले, पोटऱ्या आखडलेले दोघं-चौघं खालच्या बाकावर पालथे पडून राहत. मग साइमा गाईच्या शिंगांच्या तुंबड्या घेऊन आत जाई आणि त्यांचं काळं रक्त काढी. दुसऱ्याला तुंबडी लावून स्वतःची भरणाऱ्यांतली ती नव्हती. कॉफीचा एक कप आणि दोन शब्द मिळाले की तिची मजुरी फिटायची. दोनच शब्द, कारण गाव फिनी लोकांचं. अमेरिकेतल्या विलापा खाडीच्या वर, नदीच्या वळणावर, फिनलंड सोडून आलेली ही माणसं दिवसभर जंगल तोडत आणि घरी येऊन गप्प बसत. तिसरा शब्द निघाला तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

झाडावर चढणाऱ्याचे पाय मात्र सगळ्यांहून वेगळे. त्याच्या नडगीला आतल्या अंगाने लोखंडी पट्टी बांधलेली असते, घोट्यापाशी तिला खाली वळलेला काटा असतो, आणि तिचं खालचं टोक घोडेस्वाराच्या रिकिबीसारखं बुटाच्या तळव्याखालून जातं. तो काटा झाडात रुतवून माणूस वर चढतो. वर गेल्यावर फांद्या तोडताना, शेंडा कापताना, कप्प्या आणि तारा बांधताना दिवसभर त्याचं सगळं वजन त्या रिकिबीवर, म्हणजे तळपायाच्या मधल्या कमानीवर. देवाने भार घ्यायला टाच दिली, चवडा दिला. कमान त्यासाठी दिलीच नव्हती. गावात असे पाय एकाच माणसाचे होते आणि तो साइमाच्या घरात झोपत होता.

आर्मास कोर्पेलाचा रुबाब मोठा होता. ओंडके तारेने ओढून आणायचे तर डोंगरावरचं सगळ्यांत उंच फरचं झाड निवडायचं, त्याचा शेंडा उडवायचा आणि त्याचा खांब करायचा, हे त्याचं काम. शेंडा कडाडून खाली गेला की उरलेलं झाड वेताच्या काठीसारखं झुलायचं, आणि त्याच्या टोकाला दोरावर रेललेला आर्मास टोपी काढून खालच्यांना हलवून दाखवायचा. खालचे लोक शिव्या घालायचे आणि कौतुकाने बघत राहायचे. लग्नाआधी साइमाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असंच, मान मोडेपर्यंत वर बघून. नंतर ती म्हणायची की खाली उतरल्यावर तो इतका बुटका निघेल असं वाटलं नव्हतं.

पायांचं दुखणं दबक्या पावलांनी आलं. आधी संध्याकाळी बूट काढताना तो ओठ चावायला लागला. मग सकाळी खाटेवरून उठल्यावर पहिली काही पावलं भिंत धरून टाकायला लागला. मग एका रात्री जेवण झाल्यावर साइमाने त्याचा डावा पाय मांडीवर घेतला आणि ती बघतच राहिली. कमान पार बसली होती. तळव्याच्या मधोमध रिकिबीचा आडवा वण निळाकाळा पडून दगडासारखा घट्ट झाला होता, आणि करंगळीकडची तीन बोटं पांढरी होती.

"काय बघतेस?" आर्मास म्हणाला.

"पाय."

"कधी बघितले नाहीस?"

"असले नाही." तिने करंगळीला नख लावलं. "कळतंय?"

"काय?"

तिने नख आणखी रुतवलं. तो शांतपणे कॉफी पीत होता.

नदीच्या खालच्या गावातल्या चांभाराकडून त्याने बुटाच्या तळव्यात पोलादी पट्टी घालून आणली, टाच उंच करून घेतली. नवे शिवलेले बूट घालून ओढ्यात उभा राहिला आणि पायातच वाळवले, म्हणजे चामडं पायाच्या आकाराला बसतं. रिकीब टोचायची कमी झाली. पण घर पडल्यावर टेकू देऊन काय उपयोग.

"मुकादमाला सांग. दुसरं काम देईल," साइमा म्हणाली.

"देईल ना. खाली बसून इंजिनवाल्याला इशारे द्यायला शिट्टीची तार ओढायला लावेल. म्हाताऱ्यांचं काम." तो कप बशीत ठेवून म्हणाला, "तू कुणाला बोलायचं नाहीस. ताउनोलासुद्धा नाही. शपथ घे."

तिने घेतली. नवऱ्याचा अभिमान सांभाळणं हे बायकोचं काम आहे असं तिला तेव्हा वाटत होतं. मला विचाराल तर तिने तिथेच त्याच्या पाठीत लाटणं घालायला हवं होतं. पण आपण काठावर बसून बोलणारे.

शपथ घेतली खरी, पण शनिवार काही कुणाच्या शपथेसाठी थांबत नाही. सौनेत माणूस उघडा बसतो. वरच्या बाकावर चढताना प्रत्येकाचे पाय मागच्याच्या तोंडासमोर येतात. तिथे पोटावरचा फोड लपत नाही, तर आर्मासचे पाय कसे लपणार? त्याने पहिल्या शनिवारी सर्दीचं निमित्त काढलं, दुसऱ्या शनिवारी कुऱ्हाडीला धार लावायची होती. नंतर निमित्तं संपली आणि तो सरळ घरीच राहू लागला. साइमा चुलीमागे कपडे धुण्याचा पत्र्याचा टब ठेवी, पाणी तापवी, आणि तो गुडघे छातीशी घेऊन त्यात बसे. धडधाकट फिनी माणूस शनिवारी टबात आंघोळ करतो, ही गोष्ट त्या गावात सांगायचीसुद्धा चोरी होती.

नेमकं त्याच सुमाराला दुसरं एक घडलं. उन्हाळ्यातला संप फसला होता. हॉलवाले, म्हणजे युनियनची माणसं, पुढच्या संपाची जुळवाजुळव चोरून करत होती, आणि ती कुठे, तर ताउनोच्या सौनेत. तिथे परका माणूस येत नाही आणि भिंतीला कान असले तरी ते भाजून निघतात. तरीही कंपनीला नावं कळली. तिघांना एका सकाळी कामावरून काढलं, त्यातला एक ताउनो. म्हणजे सौनेत बसणाऱ्यांपैकीच कुणीतरी फितूर होता.

आता ह्या लोकांची एक समजूत होती. सौनेत माणूस पाप घेऊन बसू शकत नाही. ज्याच्या मनात काळं आहे त्याला ती वाफ सोसत नाही, तो आपोआप यायचा बंद होतो. लहानपणापासून आयांनी शिकवलेलं. मग सौनेत यायचं कोण बंद झालं? काढून टाकलेल्या ताउनोचा मेव्हणा आणि जोडीदार असूनही कंपनीने ज्याला हात लावला नाही असा माणूस कोण? चढणारा आर्मास. दुसरा चढणारा मिळत नव्हता म्हणून कंपनीने त्याला ठेवलं होतं, हे कुणाच्या लक्षात येईना. दोन आणि दोन जोडून त्यांनी पाच केले, आणि एकालाही त्याच्या पायांकडे बघावंसं वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात सौना चुकवणाऱ्याला आळशी म्हटलं असतं, फार तर गलिच्छ. ह्यांनी त्याला गद्दार ठरवलं. मला आजही ह्या गोष्टीचा राग येतो.

कुणी तोंडावर काही बोललं नाही. त्याला वाळीत टाकलं ते फिनी पद्धतीने, म्हणजे आधीच कमी असलेलं बोलणं पार बंद करून. सहकारी दुकानात त्याच्या मागे रांग लागेनाशी झाली. काढून टाकण्याआधी ताउनो त्याचा खालचा माणूस होता. दोर सोडायचा, हत्यारं वर पाठवायचा, आर्मासने नुसती मान हलवली तरी त्याला कळायचं. आता गावातला कुणीच त्याच्या झाडाखाली उभा राहीना, तेव्हा कंपनीने एक परगावचा माणूस दिला. त्याला आर्मासची मान आणि फांदी यांतला फरक कळत नव्हता.

साइमाच्या तुंबड्या फडताळात पडून राहिल्या. एका दुपारी गावातल्या वयस्कर हिल्मा मावशीकडे बायका जमल्या होत्या. साइमा गेली आणि नेहमीच्या जागी बसली. हिल्मा मावशीने सगळ्यांना कॉफी ओतली, वेलचीचा पाव फिरवला, आणि साइमाच्या पुढ्यातला कप उचलून बशीत उपडा घातला. घरी येऊन साइमा रडली नाही. तिने आर्मासच्या पुढ्यातला कप तसाच उपडा घातला आणि म्हणाली, "मला आज हे मिळालं."

"दाखव त्यांना पाय," ती म्हणाली. "एकदा जा, बाकावर बस, दाखव. सगळं मिटेल."

"आणि मग खाली बसून शिट्टी वाजवू?"

"गद्दार म्हणतात ते बरं वाटतं तुला?"

"गद्दारी खोटी आहे. ती आज ना उद्या धुऊन निघेल." त्याने कप सुलटा केला. "पाय खरे आहेत, साइमा."

त्यानंतर त्याच्या चढण्याबद्दल साइमाला जी भीती वाटत होती ती खरी होऊ लागली. दुखऱ्या पायाने माणूस काटा जोरात मारत नाही. नुसता टेकवतो. कारण प्रत्येक लाथेबरोबर कळ मस्तकात जाते. आणि ज्या पायाची बोटं मेलेली आहेत, त्याला काटा लाकडात गेला की नुसत्या सालीत अडकला, ते कळत नाही. चढताना कमरेला आणि झाडाभोवती वेढलेला दोर साथ देतो. पण उतरताना दोर खाली झटकावा लागतो, तो क्षणभर ढिला होतो, आणि तेवढ्यात माणूस फक्त पायांवर उभा असतो. हे सगळं आर्मासनेच तिला कधीतरी हौसेने समजावून सांगितलं होतं. आता ती रोज दुपारी काम करता करता थांबून डोंगराकडे कान लावायची.

शेवटी तिने शपथ मोडली. ताउनो सौनेमागे लाकडं फोडत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ताउनो, आर्मासचे पाय गेलेत."

"कुठे?"

"थट्टा करू नकोस. कमान बसलीय, बोटं बधिर झालीत. म्हणून तो येत नाही इथे."

"रोज झाडावर चढतो तो. पाय गेलेला माणूस झाडावर चढतो होय?"

"चढतो. म्हणून तर आणखी गेलेत."

ताउनोने ओंडक्यावर नवं लाकूड उभं केलं. "मग येऊन दाखवू दे की. त्याचा शनिवार कुणी पळवलाय?"

"लाज वाटते त्याला."

"लाज वाटते हे आम्हालाही ठाऊक आहे. कशाची, ते तुझं वेगळं आणि आमचं वेगळं." त्याने कुऱ्हाड उचलली. मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "तू माझी बहीण आहेस, साइमा. त्याच्यासाठी खोटं बोलू नकोस. येऊ दे त्याला. बाकावर बसला तर मी स्वतः त्याच्या पाठीवर पाणी घालीन."

घरी आल्यावर तिने आर्मासला काय केलं ते सांगून टाकलं. तो चिडला, म्हणजे गप्प बसला. जेवला नाही. सकाळी मात्र बुटाच्या नाड्या बांधताना वर न बघता म्हणाला, "ह्या शनिवारी येतो मी सौनेत. पण आधी कड्यावरचं झाड पुरं करतो. शुक्रवारपर्यंत कप्प्या बसतील. मग मुकादमाला मीच सांगेन."

साइमाला इतकं हलकं वाटलं की तिने त्याचा हात धरला. फिनी बायका असं करत नाहीत. तोही गोंधळला.

शनिवारपर्यंत त्याला त्या पायांवर निभवायचं होतं. साइमाने लोकर घेतली, गरम पाण्यात साबण लावून मळली, वळली, ठोकली, आणि तिचा जाड नमदा केला. त्याच्या डाव्या पायाच्या मापाने कापला, कमानीखाली आणखी दोन थर दिले, वर जुन्या पिशवीचं मऊ चामडं शिवलं. नमदा किती जाड ठेवावा यावर ती दोन संध्याकाळी घुटमळत होती. पातळ ठेवला तर रिकीब टोचणार. जाड ठेवला तर उरलीसुरली जाणीवही मधे अडणार. रात्री झोपेत तो कण्हायचा, ते तिच्या कानात होतं. तिने जाड ठेवला.

आर्मासने बूट घालून घरात दोन फेऱ्या मारल्या. उंबऱ्यावर पायाची कमान टेकून वर-खाली झाला. आणि कित्येक महिन्यांनी हसला.

"अगं, रिकीब आहे की नाही तेच कळत नाही," तो म्हणाला.

ती पण हसली.

शुक्रवारी दुपारी डोंगरावरून शिट्टी वाजली. लांब, पुन्हा लांब, मग थांबेचना. गावातल्या प्रत्येक बाईने हातातलं टाकलं, कारण त्या शिट्टीचा अर्थ गावात पाळण्यातल्या पोरालाही कळतो. साइमा मात्र हलली नाही. ती पीठ मळत होती ते मळत राहिली. कुणीतरी दार वाजवीपर्यंत तिने ते इतकं मळलं की त्याचा पाव होण्यासारखा राहिला नव्हता.

परगावच्या माणसाने सांगितलं ते एवढंच. काम पुरं झालं होतं. आर्मास उतरत होता. त्याने दोर झटकला, डावा काटा मारला, आणि पाय निसटला. "ओरडला नाही," तो माणूस म्हणाला. "नुसतं खाली पायाकडे बघितलं. जसा काही तो पाय दुसऱ्याचा होता."

गावकऱ्यांनी त्याला बिजागरीतून काढलेल्या दारावर घालून आणलं. जिवंतपणी त्याच्या झाडाखाली उभं न राहणारे आता दाराला खांदा द्यायला पुढे झाले. मेलेल्याला सौनेत नेऊन धुवायचं, हा त्यांचा जुना रिवाज. जन्मही तिथेच, शेवटचं पाणीही तिथेच. शनिवारी ताउनोने सौना तापवली नाही, थंडच ठेवली, आणि आर्मासला खालच्या बाकावर ठेवलं. हिल्मा मावशी मदतीला आली. साइमाने तिला बाहेर थांबायला सांगितलं.

तिने एकटीने बूट उतरवले. डाव्या बुटातून नमदा निघाला. तो तिने पदराखाली धरावा तसा एप्रनखाली खोचला. मग पायमोजे काढले, पाय धुतले, आणि दार उघडलं.

"या आत," ती म्हणाली. "सगळे या."

बाहेर अंगणात पुरुष टोप्या हातात धरून उभे होते. कुणी हलेना.

"शनिवारी येतो म्हणाला होता. आलाय तो. या, बघा."

आधी ताउनो आत गेला. मागोमाग काढून टाकलेले दोघं, मग ईवारी, मग बाकीचे. ईवारी युनियनचा बोलका माणूस, सगळ्यांत वरच्या बाकावर त्याची हक्काची जागा. तो पाण्याची बादली घेऊन आला होता. साइमाने कंदील उचलून पायांजवळ धरला. पाठीच्या जखमा तिने चादरीने झाकल्या होत्या. पाय तेवढे उघडे होते. बसलेल्या कमानी, काळा पडलेला आडवा वण, वाळलेल्या शेंगांसारखी बोटं. हे एका दिवसाच्या पडण्याने झालेलं नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ताउनो गुडघ्यावर बसला. त्याने ईवारीच्या हातातून बादली घेतली, ओंजळ भरली आणि आर्मासच्या पाठीवर घालायचं कबूल केलेलं पाणी त्याच्या पायांवर घातलं.

खरी गोष्ट वसंतात बाहेर आली, तीही कुणी शोधली म्हणून नाही. मुकादम बदलून दुसऱ्या कॅम्पला निघाला, आणि जाताना दुकानात हसत हसत बोलून गेला की ईवारीला मी माझ्याबरोबर नेतोय, त्याच्यासारखा कंपनीच्या कामाचा माणूस तुमच्यात दुसरा नव्हता. ईवारीने एकही शनिवार चुकवला नव्हता. सगळ्यांत वर बसायचा, तापलेल्या दगडांवर सगळ्यांत जास्त पाणी तोच ओतायचा, आणि ती वाफ त्याला कधी सोसली नाही असं झालं नाही.

त्यानंतर गाव साइमाच्या दारी आलं. हिल्मा मावशी वेलचीचा पाव घेऊन आली आणि स्वतःच्या हाताने कप सुलटा मांडून गेली. दुकानात तिला पुढे जागा करून देऊ लागले. ताउनो दर शनिवारी संध्याकाळी दाराशी येऊन उभा राहायचा.

"सौना तापलीय, साइमा. आता बायकांची वेळ आहे. ये."

"नको. माझं पाणी तापलंय."

"आम्हाला कळलं नाही गं."

"मी सांगितलं होतं, ताउनो."

"सांगितलं होतंस," तो म्हणायचा आणि मान खाली घालून निघून जायचा.

ती पुन्हा सौनेत गेली नाही. तुंबड्या तिने हिल्मा मावशीच्या सुनेला देऊन टाकल्या. शनिवारी चुलीमागचा टब पुढे ओढायची, दार लावून घ्यायची, आणि गुडघे छातीशी घेऊन त्यात बसायची. गावाला वाटलं, ती आपल्याला शिक्षा करतेय. बरोबरच करतेय, आपण तेवढं केलंच आहे, असं ते एकमेकांना म्हणायचे, आणि ह्या वेळी तरी आपल्याला नीट कळलं याचं त्यांना समाधान होतं.

फडताळात, जिथे तुंबड्या असायच्या, तिथे तो नमदा होता. सौनेत माणूस मनात काही ठेवून बसू शकत नाही, हे साइमालाही तिच्या आईने शिकवलं होतं. ईवारी बसला होता, हे तिला ठाऊक होतं. तिला जमत नव्हतं. टबातलं पाणी गार होईपर्यंत ती अंगठ्याने आपल्याच तळपायाची कमान चाचपत राही, आणि नमदा पातळ ठेवला असता तर, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येई.